चार्जिंग मध्येच थांबतं? उष्णता कुठे धरतेय ते आधी शोधा

रात्री साडेदहाला गाडी चार्जिंगला लावली. हिरवा दिवा लागला, मोबाइलवर आकडा सरकायला लागला आणि मी निश्चिंतपणे वर आले. सकाळी सहाला खाली उतरले तर बॅटरी ४६ टक्के. सुरुवात २२ पासून झाली होती. साडेसात तासांत ८० च्या पुढे जायला हवी होती.

दुसऱ्या रात्री खालीच खुर्ची टाकून बसले. वीस मिनिटं चार्जिंग व्यवस्थित चाललं, मग चार्जरवर लाल दिवा. मी हात लावला नाही. पाऊण तासाने दिवा आपोआप हिरवा झाला, पुन्हा वीस मिनिटं चाललं, पुन्हा बंद. रात्रभर हेच. ॲपमधला आलेख करवतीच्या दातांसारखा दिसत होता.

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी त्यांच्या चार्जरवर चार तास लावून ठेवली, एकदाही बंद पडली नाही. ‘गाडी ठीक आहे मॅडम, घरची लाइन बघून घ्या.’ घरी वायरमनदादा आले, त्यांनी सॉकेट बदललं. तीन आठवडे सुखाचे गेले आणि मग तोच लाल दिवा. ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा, पण तेव्हा लक्षण वेगळं होतं.

मी गोरेगाव पूर्वेला राहते, गाडी इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये असते, चार्जर गाडीबरोबर मिळालेला १५ अँपियरचा पोर्टेबल. मुंबईत ज्यांच्या घरी वेगळा वॉलबॉक्स (भिंतीवर कायमचा बसवलेला चार्जर) नाही त्यांतल्या पुष्कळांची सोय अशीच आहे. सात महिने या दुखण्यामागे फिरताना जे हाती लागलं ते सविस्तर लिहिते. कारण जिथे चार्जिंग थांबतं तिथेच बिघाड आहे असं आपण धरून चालतो, ती वस्तू बदलतो, आणि महिन्याभरात दुखणं परत दारात उभं राहतं.

आधी घड्याळ बघा

काहीही उघडायच्या, बदलायच्या आधी दोन गोष्टी कागदावर लिहा. चार्जिंग सुरू झाल्यावर किती मिनिटांनी थांबतं? आणि थांबल्यावर आपोआप सुरू होतं की कुणाला तरी जाऊन खटका उचलावा लागतो?

आपोआप सुरू होत असेल तर चार्जरने किंवा गाडीने स्वतःच्या रक्षणासाठी प्रवाह तोडला आहे. पुष्कळ पोर्टेबल चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा बारीक सेन्सर असतो. प्लग ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की चार्जर थांबतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो. खटका उचलावा लागत असेल तर गोष्ट एमसीबीची (भार जास्त झाला की पडणारा खटका) किंवा आरसीसीबीची (करंट गळला की पडणारा खटका) आहे. आरसीसीबी पडला असेल तर तो उष्णतेचा मामला सहसा नसतो. कुठेतरी करंट जमिनीकडे झिरपतोय, आणि पावसाळ्यात गन (गाडीत खुपसायचं केबलचं टोक) किंवा जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलं की हे हमखास होतं. तो तपास वेगळा, त्यासाठी हा लेख वाचत बसू नका, वायरमनला बोलवा.

आता मिनिटांचं. लहान वस्तू लवकर तापते, मोठी उशिरा. सॉकेटच्या आतला, पिनेला धरणारा पत्रा सैल झाला की पाच-दहा मिनिटांत चटका देण्याइतका गरम होतो, म्हणून दहा ते तीस मिनिटांत थांबणारं चार्जिंग बहुतेक वेळा प्लग आणि सॉकेटकडे बोट दाखवतं. तास-दीड तासाने खटका पडत असेल तर मीटर रूममधला बंद डबा आणि त्यातला एमसीबी बघा, कारण तो अख्खा डबा तापायला वेळ लागतो. दोन-तीन तासांनी वेग कमी होत गेला, पण पूर्ण थांबलं नाही, तर चार्जरचा स्वतःचा डबा किंवा गाडीची आतली चार्जिंग यंत्रणा तापतेय. फास्ट चार्जरवर याच्या उलट: तिथे करंट इतका मोठा असतो की गनमधला खराब संपर्क काही मिनिटांतच पकडला जातो.

हे आकडे माझ्या आणि आमच्या इमारतीतल्या गाड्यांच्या अनुभवातले आहेत, पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतील. पण क्रम सहसा चुकत नाही.

सॉकेट बदललं, तरी परत तेच का?

पहिल्या वेळी वायरमनदादा म्हणाले होते, ‘ताई, याच सॉकेटवर पूर्वी गिझर चालायचा, काही झालं नव्हतं.’ त्यांचं म्हणणं खरं होतं आणि उत्तरही त्यातच होतं. गिझर दोन-तीन किलोवॅटचा असला तरी पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी तेवढाच भार सात-आठ तास सलग ओढते. सॉकेटच्या आतला पत्रा पंधरा मिनिटांत जितका तापतो तितका तापून थंड होत असेल तर दहा वर्षं टिकतो. रोज रात्रभर तापला तर त्याची स्प्रिंग ढिली पडते. ढिली पडली की पिनेवरची पकड सुटते, पकड सुटली की अजून तापतो. एकदा हे चक्र सुरू झालं की आपणहून थांबत नाही.

गणित साधं आहे. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सैल संपर्काचा रोध समजा फक्त ०.१ ओहम आहे. १५ अँपियर वाहताना तिथे १५ गुणिले १५ गुणिले ०.१, म्हणजे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. घरात रेडिओ दुरुस्त करायला वापरतात ती छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटची असते. म्हणजे ती पेटवून भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत रात्रभर ठेवल्यासारखंच झालं. आणि या संपर्कावर व्होल्टेज पडतं फक्त दीड व्होल्ट. ॲपमध्ये २३१ चं २२९.५ दिसलं तर कुणाच्याही लक्षात येणार नाही. ‘व्होल्टेज तर बरोबर येतंय’ म्हणून सॉकेट ठीक आहे असं समजू नका.

आमच्याकडचं पहिलं सॉकेट कॉम्बी होतं, ६ आणि १६ अँपियर दोन्ही प्लग घेणारं. जाड आणि बारीक दोन्ही पिना धरता याव्यात म्हणून त्याची रचना तडजोडीची असते. मिक्सर-इस्त्रीला ते ठीक आहे. गाडीसाठी फक्त १६ अँपियरचं, चांगल्या कंपनीचं, आयएसआय खुणेचं सॉकेट घ्या. लोहार चाळीत दुकानदाराला ‘ईव्हीसाठी हवंय, रात्रभर लोड आहे’ असं स्पष्ट सांगितलं तर तो मेटल क्लॅड डब्यातलं सॉकेट काढून देतो. पैशांचा फरक काहीशे रुपयांचा असतो. इथे कंजुषी करू नका.

पण माझं दुखणं परत आलं त्याचं कारण सॉकेट नव्हतं. नवं सॉकेट उत्तम होतं. जुना होता तो प्लग.

बॅटरीचा टॉर्च घेऊन प्लगच्या पिना नीट पाहिल्या. अर्थची जाड पिन चकचकीत, न्यूट्रल जरा मळकट, आणि फेजची पिन बुडाशी तपकिरी-काळी. त्या पिनेवरचा मुलामा जळून गेला होता. अशी खडबडीत, कार्बन धरलेली पिन नव्या सॉकेटमध्ये घातली की ती नव्या पत्र्यालाही जाळते. तीन आठवड्यांत नवं सॉकेट आतून जुन्यासारखंच झालं होतं. म्हणून सॉकेट आणि प्लग ही जोडी समजा, एक जळलं की दोन्ही बदला. मला हे एक वाक्य मार्चमध्ये कुणी सांगितलं असतं तर पुढचा सगळा वेळ वाचला असता.

पिना पॉलिश पेपरने घासून चकचकीत करू नका. घासल्यावर उरलासुरला मुलामा जातो, उघडं पितळ मुंबईच्या हवेत महिन्याभरात पुन्हा काळवंडतं. आणि पोर्टेबल चार्जरचा प्लग कापून बाजारातला प्लग टॉप लावायचा मोह अजिबात नको. त्या ओतीव प्लगच्या आतच सेन्सर असतो. तो कापला की तापमान मोजणारं कुणीच उरत नाही, चार्जिंग ‘सुरळीत’ चालतं, आणि पुढचा इशारा थेट धुराचा असतो. काही चार्जर सेन्सर नसला तर चालतच नाहीत, तेही बरंच आहे. कंपनीकडून केबल बदलून घ्या. माझी वॉरंटीत बदलून मिळाली. पिनेचे फोटो आणि करवतीसारख्या आलेखाचा स्क्रीनशॉट दाखवल्यावर फार वाद घालावा लागला नाही.

मुंबईच्या हवेबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. समुद्रावरून येणारी खारी, दमट हवा तांब्या-पितळेवर बसते आणि संपर्क खराब करते. वर्सोवा, वरळी, कुलाब्याकडे गाडी ठेवणाऱ्यांनी वर्षातून दोनदा सॉकेट उघडून बघून घ्यावं. हिरवट पूड दिसली तर ते बदलायच्या लायकीचं झालं. भिंतीवर उघडं सॉकेट असेल तर झाकणाचा डबा लावा, पण त्या डब्यात प्लग लावल्यावर झाकण नीट बंद होईल एवढी जागा हवी. अर्धवट दाबलेली केबल प्लगला एका बाजूला ओढते आणि पुन्हा पिन तिरकी बसते. चार्जरचा डबा केबलवर लोंबकळत ठेवणं हेही त्याचंच भावंड. डब्याला हुक मारा, वजन प्लगवर येऊ देऊ नका.

मोजायचं कसं

हात लावून अंदाज घेणं धोक्याचं आहे. लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. त्याची एक खोड आहे: चकचकीत धातूवर तो खोटं, बरंच कमी तापमान दाखवतो. म्हणून धातूवर नेम धरू नका. प्लगच्या प्लास्टिकवर, सॉकेटच्या तोंडावर, एमसीबीच्या अंगावर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि तिथेच मोजा. टेप बाहेरच्या, इन्सुलेटेड भागावर आणि लाइन बंद करूनच लावायची.

चार्जिंग सुरू करायच्या आधी एकदा मोजा, मग दर दहा मिनिटांनी तासभर. सगळ्यात महत्त्वाचा आकडा तापमान नव्हे, भोवतालच्या हवेपेक्षा ते किती जास्त आहे तो. मे महिन्यात स्टिल्टखाली रात्रीही ३० अंश असतात, तेव्हा प्लग ४५ ला गेला तर मी काळजी करत नाही. नवी जोडी बसवल्यावर माझा प्लग हवेपेक्षा १२-१४ अंशांनी वर जाऊन तिथेच स्थिरावला. जुना प्लग वीस मिनिटांत बाहेरून ६८ दाखवत होता आणि वरच चढत होता. बाहेर प्लास्टिकवर ६८ म्हणजे आत पिनेवर त्याहून कितीतरी जास्त. थांबत नाही, चढतच जातं, ही खरी खूण.

थर्मामीटर नसेल तर नाक वापरा. सॉकेट तापलं की मासळीसारखा, जळक्या प्लास्टिकचा वास येतो. तो एकदा जरी आला तरी त्या रात्री चार्जिंग बंद.

ऑक्टोबरची गोष्ट: मीटर रूम

नवी केबल, नवं सॉकेट, सहा महिने शांतता. ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि चार्जिंग पुन्हा मध्येच थांबायला लागलं. पण आता सव्वा तासाने, आणि आपोआप सुरू न होता. वॉचमनदादा मीटर रूममध्ये जाऊन खटका उचलायचे, तासाभराने पुन्हा पडायचा. प्लगवर टेप लावून मोजलं, ४३ अंश. तिथे काहीच नव्हतं.

मीटर रूम म्हणजे जिन्याखालची खिडकी नसलेली खोली, आत साठ मीटर आणि पत्र्याचे डबे. माझा १६ अँपियरचा एमसीबी दोन शेजाऱ्यांच्या एमसीबींमध्ये घट्ट बसलेला. एमसीबीच्या आत दोन धातूंची पट्टी असते, करंटने तापून ती वाकते आणि खटका पाडते. ती पट्टी ३० अंश तापमानाला जुळवलेली असते. डबा ४५-५० अंशांवर गेला, शेजारचे एमसीबी लोकांच्या एसींचा भार वाहत स्वतः गरम झाले, की आपला १६ चा एमसीबी १५ अँपियरलाही कंटाळतो. हा एमसीबीचा दोष नाही, त्याचं काम तो चोख करतोय.

इतकंच असतं तर एमसीबीमध्ये थोडं अंतर सोडून आणि डब्याला हवा खेळती ठेवून भागलं असतं. मात्र वायरमनदादांनी डब्याचं झाकण उघडलं आणि मी थर्मामीटर फिरवला तेव्हा शेजारचे एमसीबी ४४ आणि माझा ७४. तेवढा फरक खोलीच्या उष्णतेने पडत नाही. मेन बंद करून त्यांनी तार बाहेर काढली. चार स्क्वेअर एमएमची बहुतारी वायर होती, पण टर्मिनलमध्ये मावत नाही म्हणून मूळ काम करणाऱ्याने तिच्या काही तारा छाटल्या होत्या. उरलेल्या तारांवरच सगळा भार. स्क्रूही अर्धा फेरा ढिला. टोकाची दोन इंच तार काळी पडून ठिसूळ झाली होती.

दुरुस्ती अशी केली: काळी तार लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापली, टोकाला फेरूल (सगळ्या तारा एकत्र धरणारी धातूची नळी) दाबून बसवलं, एमसीबी नवा बसवला. जुना एमसीबी दिसायला चांगला होता, पण ज्याचं टर्मिनल एकदा भाजलं त्याच्या आतल्या पट्टीवर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही बाजूंना रिकामी जागा सोडली. पंधरा दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळला. हे पुन्हा आवळणं सगळेच विसरतात. रोज रात्री तांबं तापून फुगतं, सकाळी थंड होऊन आकसतं, आणि नव्या जोडातली तार थोडी बसते. मग पहिल्या दोन आठवड्यांत स्क्रू थोडा सैल होतोच.

जुन्या इमारतींमध्ये मीटर रूममधून वर जाणारी वायर ॲल्युमिनियमची आणि पुढे जोडलेली तांब्याची, असं असू शकतं. हे दोन धातू नुसते पीळ देऊन जोडले की दमट हवेत तो जोड झिजतो आणि तापतो. तिथे दोन्ही धातूंसाठी बनवलेला बायमेटॅलिक लग लागतो. टेप गुंडाळून तो प्रश्न सुटत नाही.

आणि कृपा करून एक गोष्ट कुणाला करू देऊ नका. १६ चा एमसीबी पडतो म्हणून तिथे ३२ चा बसवणं. खटका पडायचा थांबेल, पण पुढचं १६ अँपियरचं सॉकेट आणि बारीक वायर यांचं रक्षण करणारं कुणी राहणार नाही. आमच्या शेजारच्या इमारतीत असं केलेलं मी पाहिलं. वायरचं आवरण विरघळून पाइपला चिकटलं होतं.

लांबची वायर

पार्किंग मीटर रूमपासून दूर असेल तर वायरच उष्णतेचं आणि कमी व्होल्टेजचं मूळ असू शकते. हे मात्र ॲपमध्ये दिसतं. चार्जिंग सुरू करायच्या आधीचं व्होल्टेज आणि सुरू झाल्यानंतरचं व्होल्टेज बघा. अडीच स्क्वेअर एमएमची वायर ६० मीटर अंतरावर नेली तर जाऊन-येऊन १२० मीटर तांबं झालं, रोध सुमारे ०.९ ओहम. १५ अँपियरला १३ व्होल्ट पडतात आणि २०० वॅट वायरमध्येच जळतात. तेच अंतर ६ स्क्वेअर एमएमने नेलं तर साडेपाच व्होल्ट आणि ८० वॅटच्या आसपास. उघड्यावरच्या वायरला २०० वॅट साठ मीटरभर पसरलेले असल्याने ती फार तापत नाही. पण दहा घरांच्या वायरी एकाच पाइपमध्ये कोंबलेल्या असतील तर तापते, आणि तिचं आयुष्य घटतं. शिवाय संध्याकाळी एसी सुरू झाल्यावर इमारतीचं व्होल्टेज आधीच खाली असतं, त्यात हे १३ गेले की काही चार्जर थांबतात.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल दोनच ओळी. वापरू नका. गुंडाळी करून ठेवलेली एक्स्टेन्शन वायर स्वतःची उष्णता स्वतःतच कोंडून घेते.

वॉलबॉक्स आणि गाडी

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स आहे, ३२ अँपियर ओढणारा. त्यांची तक्रार वेगळी होती: शनिवार-रविवारी दुपारी लावलं की दोन तासांनी वेग निम्मा होतो, रात्री लावलं तर होत नाही. वॉलबॉक्स पोडियमच्या पश्चिमेच्या भिंतीवर होता. दुपारी तीनपासून थेट ऊन. आतलं तापमान वाढलं की बरेच वॉलबॉक्स गाडीला ‘आता कमी करंट घे’ असा संदेश देतात आणि गाडी निमूट ऐकते. बिघाड काहीच नव्हता. वर पत्र्याची छोटी पडवी काढली, डबा आणि पत्रा यांत वीतभर हवा ठेवली, तक्रार मिटली. तरीही ३२ अँपियरसाठी निदान ६ स्क्वेअर एमएम तांबं आणि स्वतंत्र लाइन हवी, ते आधी तपासून घेतलंच.

सगळीकडे, दुसऱ्याच्या चांगल्या चार्जरवरही, गाडी एसी चार्जिंगला (म्हणजे घरच्या विजेवर) वेग कमी करत असेल तर मग गाडीतला ऑनबोर्ड चार्जर (ती वीज बॅटरीसाठी डीसी करणारा) तापतोय. तो बहुधा कूलंटने थंड होतो. कूलंटची पातळी, पंप, पुढच्या जाळीत अडकलेला कचरा आणि पंखा सर्व्हिसला बघायला सांगा. घरी उघडायची ती जागा नाही, त्यात मोठं डीसी व्होल्टेज असतं.

फास्ट चार्जरवर

पुण्याला जाता-येता हा अनुभव जास्त येतो. मे महिन्यात दुपारी बोरघाट चढून आलात की बॅटरी आधीच गरम असते. उतरतानाही ब्रेकमधून परत मिळणारी वीज बॅटरीतच जाते, तीही तापवते. मग घाट संपल्यावर थांबून लगेच गन लावली तर ५० किलोवॅटच्या जागी २० च मिळतात. लिथियम बॅटरी गरम असताना जोरात भरली तर तिचं आयुष्य कमी होतं, म्हणून बीएमएस (बॅटरी सांभाळणारी गाडीतली यंत्रणा) हात आखडता घेते. गाडी सावलीत लावा, चहा-वडापाव होऊ द्या, वीस मिनिटांनी गन लावा. हवेवर थंड होणाऱ्या बॅटरीला याहून जास्त वेळ लागतो, कूलंटवाल्यांना कमी.

सुरुवातीला पूर्ण वेग मिळाला आणि चार-पाच मिनिटांत धाडकन खाली आला, तर संशय गनवर घ्या. सीसीएस-२ (फास्ट चार्जिंगच्या नेहमीच्या) गनच्या दोन जाड डीसी पिनांपाशी तापमानाचे सेन्सर असतात. केबल जड असते, ती लोंबकळली की गन एका बाजूला कलते आणि संपर्क अर्धवट बसतो. मी डाव्या हाताने केबल उचलून गन सरळ आत ढकलते, कुलूप लागल्याचा आवाज ऐकते. तरी तेच झालं तर शेजारची गन लावून बघा. दुसऱ्या गनवर ठीक चाललं तर दोष स्टेशनचा. तीन वेगवेगळ्या स्टेशनांवर तेच झालं तर आपल्या गाडीचा इनलेट दाखवायला हवा. एखाद्या जळक्या गनने आपल्या इनलेटची पिनही खराब केलेली असू शकते, प्लग-सॉकेटच्या जोडीचा नियम इथेही लागू आहे. म्हणून काळी पडलेली गन दिसली तर ती माझ्या गाडीला मी लावत नाही, रांग कितीही असो.

८० टक्क्यांनंतर वेग कमी होणं हा बिघाड नाही. दोन गनांचा एक चार्जर असेल आणि शेजारी दुसरी गाडी लागली तर वीज वाटली जाते, तोही बिघाड नाही.

दुरुस्ती होईपर्यंत

गाडीत किंवा चार्जरच्या ॲपमध्ये करंट कमी करायची सोय असेल तर १५ वरून १० अँपियरवर आणा. करंट एक तृतीयांशाने कमी होतो, पण संपर्कावरची उष्णता ४४ टक्क्यांवर येते, म्हणजे निम्म्याहूनही खाली. १० अँपियरला सुमारे २.३ किलोवॅट मिळतात, रात्री दहा ते सकाळी सात लावली तर वीस युनिटच्या आसपास. माझ्या ३० युनिटच्या बॅटरीत त्यातले अठरा तरी जातात, म्हणजे २० वरून ८० टक्के. रोजच्या धावपळीला पुरतात. पण हा उपाय जळलेल्या पिनेसाठी नाही. ती १० अँपियरलाही जळतच राहते, फक्त सावकाश.

वास, धूर किंवा ठिणगी दिसली तर आधी ॲपमधून किंवा गाडीतून चार्जिंग थांबवा, मग एमसीबी खाली करा, आणि त्यानंतरच प्लगला हात. चालू भारावर प्लग उपटला तर हाताशीच ठिणगी उडते. पाणी मारू नका. आग दिसली तर माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

सोसायटीशी बोलताना

मीटर रूम सगळ्यांची, त्यामुळे डबा उघडायचा तर सेक्रेटरींना आधी लिहून द्या. काही कमिट्या ‘ईव्हीमुळे आग लागते, बंदच करा’ अशा पवित्र्यात जातात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, ते शांतपणे दाखवा. पण त्याबरोबर परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचा तपासणी अहवालही ठेवा, कारण कमिटीची भीती अगदीच निराधार नसते. साठ घरांखाली एक ढिला स्क्रू आहे, तो आपल्याच लाइनवर आहे, आणि तो शोधायची जबाबदारी आपली आहे.

चार्जर कंपनी, गाडीचं सर्व्हिस सेंटर किंवा स्टेशन, कुणाकडेही तक्रार करताना ‘चार्ज होत नाही’ एवढंच सांगितलं तर उत्तरही तेवढंच मिळतं. सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ, आपोआप सुरू झालं का, सुरुवातीचे अँपियर आणि व्होल्ट, थांबायच्या आधीचे अँपियर आणि व्होल्ट, बाहेरची हवा किती अंश, प्लगवर किती अंश, दिव्याचा रंग किंवा एरर कोडचा फोटो. फास्ट चार्जर असेल तर चार्जरचा क्रमांक आणि कुठली गन.

मी हे वहीत लिहायचे, आता आमच्या मीटर रूममधल्या डब्याच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये वायरमनदादा मेन बंद करून सगळे स्क्रू आवळतात, मग लाइन चालू करून, तासभर गाडी लावून आम्ही मोजतो आणि तारखेसह लिहितो. आता काकांच्या लाइनचाही रकाना त्यात आहे. माझ्या एमसीबीसमोरची शेवटची नोंद ४३, शेजारच्यांसमोर ४१ आणि ४२.